विश्लेषण : कंपनीची मूल्ये कामगारांपर्यंत कशी पोहोचतात? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी काय केले होते?

नव्या नोकरीत पहिल्याच दिवशी कंपनीच्या मूल्यांची स्लाइड दाखवली जाते. समता, विश्वास, सचोटी हे शब्द तिच्यावर हमखास असतात. महिनाभराने ते कुणाला आठवतात का? शंभर वर्षांपूर्वी उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी हीच मूल्ये वेगळ्या मार्गाने कामगारांपर्यंत पोहोचवली.

सुरुवात कशी झाली?

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मुंबईत जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकू लागले, पण रंगांधळेपणामुळे तो मार्ग सोडावा लागला. पुढे ते आजच्या व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले. हक्काची बढती डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला दिली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात बंधू रामूअण्णांसोबत सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर असा प्रवास झाला. लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली.

किर्लोस्करवाडीत वेगळे काय होते?

बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळची माळरानाची जमीन दिली. १९१० मध्ये तिथे कारखाना आणि कामगारांची वसाहत उभी राहू लागली. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे.

वसाहतीत अस्पृश्यता पाळायला लक्ष्मणरावांनी बंदी केली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. ज्याच्यावर गाव संशय घेत होते, त्याच्याच हाती कारखान्याची राखण आली. इथे माणसावर विश्वास ठेवतात, हे कामगाराला वेगळे सांगावे लागले नसणार.

मग शब्दांचे काय?

शब्द आले, पण दहा वर्षांनी. १९२० मध्ये लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे मासिक सुरू केले. पुढे ते ‘किर्लोस्कर’ नावाने महाराष्ट्रभर वाचले गेले. १९३० मध्ये ‘स्त्री’ हे मासिकही निघाले. छापून सांगावे असे काही तोवर वाडीत प्रत्यक्ष घडलेले होते.

कसोटी कधी लागली?

गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या ब्राह्मणविरोधी दंगलीत कारखान्याला आग लावण्यात आली. वसाहतीने कमावलेला विश्वास कुंपणाबाहेरचा राग थोपवू शकला नाही. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. कारखाना मात्र दुसरीकडे गेला नाही, त्याच जागी पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले.

आज याचा अर्थ काय?

कंपनीची मूल्ये कर्मचारी निर्णयांतून वाचतात. बढती कुणाला मिळते, शेजारी कोण बसते, चूक केलेल्याला दुसरी संधी मिळते का, यावरून त्याला सारे कळते. स्लाइड त्यानंतर येते.