सुईच्या टोकाचे नेढे

सुई हे माणसाचे फार जुने हत्यार आहे. हजारो वर्षांपूर्वी माणूस हाडाच्या सुईने कातडी शिवीत असे. पुढे हाडाची जागा लोखंडाने घेतली. पण शिवण्याची रीत बदलली नाही. सुईच्या एका अंगाला टोक, दुसऱ्या अंगाला नेढे, आणि प्रत्येक टाक्याला कापडातून आरपार ओढून काढलेला दोरा, हाच क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिला. एक सदरा हाताने शिवावयाचा तर सुमारे चौदा तास लागत, असा एकोणिसाव्या शतकातील हिशेब आहे. मंद दिव्याच्या उजेडात शिवण करता करता कितीतरी स्त्रियांची दृष्टी अधू होई. हे कष्ट ज्यांच्या प्रयत्नांनी हलके झाले, त्यांत इलायस हौ याचे नाव अग्रभागी आहे.

इलायसचा जन्म ९ जुलै १८१९ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानात स्पेन्सर या गावी झाला. वडील शेतकरी; शेतीला जोड म्हणून त्यांच्या गिरण्याही होत्या. घरात आठ मुले, त्यामुळे प्रत्येकाच्या हाताला काम असे. कापूस पिंजण्याच्या यंत्रांना तारेचे बारीक दात असलेल्या चामडी पट्ट्या लागत. ते दात चामड्यात एकेक करून बसविण्याचे काम इलायस वयाच्या सहाव्या वर्षापासून भावंडांबरोबर करू लागला. तो जन्मतःच पायाने अधू होता. अकराव्या वर्षाच्या सुमारास त्याला एका शेजाऱ्याच्या शेतावर कामास ठेवले. परंतु ते अंगमेहनतीचे काम त्याला झेपेना. तो घरी परतला आणि वडिलांच्या गिरणीत रमला. चाके कशी फिरतात, एका चाकाची गती दुसऱ्याला कशी मिळते, हे पाहण्यात त्याला विलक्षण गोडी वाटे.

सोळाव्या वर्षी तो लोवेल शहरी गेला व कापडगिरण्यांची यंत्रे बनविणाऱ्या कारखान्यात उमेदवारी करू लागला. १८३७ साली व्यापारात मोठी मंदी आली आणि ते काम सुटले. पुढे बॉस्टन येथे एरी डेव्हिस या कुशल यंत्रकाराच्या हाताखाली तो कामास लागला. एके दिवशी डेव्हिस एका ग्राहकाला म्हणाला की, जो कोणी शिवण्याचे यंत्र तयार करील त्याचे भाग्य उजळेल. जवळच काम करीत असलेल्या इलायसच्या कानी हे शब्द पडले आणि मनात घर करून राहिले.

१८४१ साली त्याचा विवाह एलिझाबेथ एम्स हिच्याशी झाला. काही वर्षांत तीन मुले झाली. आठवड्याची कमाई नऊ डॉलर; प्रकृती अशक्त. संध्याकाळी घरी आल्यावर तो इतका थकलेला असे की, अंथरुणावर पडून राहावे असे त्याला वाटे. संसाराला हातभार लागावा म्हणून एलिझाबेथ लोकांचे कपडे शिवून देऊ लागली. दिवसभराचे घरकाम आटोपले की ती रात्री उशिरापर्यंत सुई चालवीत बसे. इलायस तिच्या हाताकडे तासन्‌तास पाहत राही. सुई कशी शिरते, कशी बाहेर येते, दोरा कसा ताणला जातो, याचे तो बारकाईने निरीक्षण करी. हे काम यंत्राने का होऊ नये, या विचाराने त्याला पछाडले.

आरंभी त्याने हाताचेच अनुकरण केले. दोन्ही अंगांना टोके आणि मध्यभागी नेढे अशी सुई करून ती कापडातून मागेपुढे नेण्याची खटपट त्याने कित्येक महिने केली. ती साधली नाही. मग १८४४ साली त्याच्या ध्यानात आले की, यंत्राने माणसाच्या हाताची नक्कल करावी असे कोठे आहे? सगळी सुई कापडातून पार जाण्याची गरजच काय? त्याने नेढे सुईच्या टोकाजवळ आणले. ही युक्ती त्याला स्वप्नात सुचली अशी एक आख्यायिका सांगतात. ती कशीही असो. त्यापूर्वीचे जागरण मात्र खरे होते.

या युक्तीचे मर्म असे. टोकाजवळ नेढे असलेली सुई दोरा घेऊन कापडात शिरते. ती मागे फिरू लागताच दोरा किंचित सैल पडून त्याचा एक फास तयार होतो. त्याच क्षणी दुसरा दोरा घेतलेला लहानसा धोटा त्या फासातून निघून जातो. सुई मागे सरली की दोन्ही दोरे कापडाच्या पोटात एकमेकांत गुंततात आणि टाका पक्का बसतो. मागावर धोटा इकडून तिकडे धावतो, हे इलायसने गिरण्यांत पाहिलेले होतेच. विणकराचा धोटा त्याने शिवणाऱ्याच्या सुईशेजारी आणून बसविला.

यंत्र घडवावयास पैसा हवा होता. जॉर्ज फिशर नावाचा लाकूड व कोळशाचा व्यापारी मित्र मदतीला आला. निम्म्या भागीदारीच्या करारावर त्याने पाचशे डॉलर दिले आणि इलायसच्या कुटुंबाला आपल्या घरी ठेवून घेतले. १८४५ च्या जुलैत त्या यंत्रावर लोकरी कपड्यांचे दोन जोड शिवून तयार झाले; एक फिशरसाठी, दुसरा स्वतःसाठी. मग बॉस्टनमधील एका कपड्यांच्या कारखान्यात शर्यत ठरली. सारख्या लांबीच्या दहा शिवणी घेतल्या. पाच जणींना एकेक दिली आणि उरलेल्या पाच इलायसने घेतल्या. त्या पाच जणी शिवणकामात तरबेज होत्या. तरीही इलायसच्या पाच शिवणी आधी संपल्या. त्याचे यंत्र मिनिटाला सुमारे अडीचशे टाके घालीत होते.

लोकांनी वाहवा केली. पण विकत कोणी घेतले नाही. यंत्राची किंमत तीनशे डॉलर होती आणि एका बैठकीत ठरावीक लांबीची सरळ शिवणच त्यावर होई. शिवाय आपल्या पोटावर पाय येईल, ही शिंप्यांना धास्ती होती. ती निराधार म्हणता येणार नाही. फ्रान्समध्ये १८३१ साली याच भीतीने चवताळलेल्या जमावाने तीमोनिए या शिंप्याची शिवणयंत्रे मोडून टाकली होती.

१० सप्टेंबर १८४६ रोजी इलायसला अमेरिकेत पेटंट मिळाले. परंतु गिऱ्हाईक मिळेना. अखेर त्याचा भाऊ अमासा यंत्र घेऊन लंडनला गेला. विल्यम टॉमस या कारखानदाराने ते अडीचशे पौंडांना घेतले व इलायसला नोकरीस बोलाविले. इलायस सहकुटुंब लंडनला गेला. पण तेथे मालकाशी पटले नाही. हलाखी इतकी वाढली की, बायकामुलांना त्याने पुढे पाठविले आणि स्वतःच्या प्रवासखर्चासाठी आपले पहिले यंत्र व पेटंटचे कागद गहाण ठेवले. १८४९ साली तो न्यूयॉर्कला उतरला, तोच एलिझाबेथ क्षयाने मरणासन्न असल्याची बातमी आली. घरी जाण्यापुरतेही पैसे जवळ नव्हते. वडिलांनी दहा डॉलर पाठविले तेव्हा तो तिच्या अखेरच्या घटकेला पोहोचू शकला. अंत्यविधीसाठी त्याला मेहुण्याचे कपडे मागून घ्यावे लागले. कपडे शिवणारे यंत्र निर्माण करणाऱ्याजवळ धड पोशाख नव्हता, आणि जिच्या हाताकडे पाहून ते यंत्र सुचले, तिला त्याचे सुख लाभले नाही.

इकडे त्याच्या गैरहजेरीत अमेरिकेत शिवणयंत्रे विकली जाऊ लागली होती. त्यांत टोकाजवळ नेढे असलेली सुई आणि धोटा होताच. इलायसने गहाण पडलेले यंत्र व कागद सोडवून आणले आणि न्यायालयाची पायरी चढली. वॉल्टर हंट या कल्पक माणसाने अशी सुई पूर्वीच केली होती, हे प्रतिपक्षाने पुढे आणले. ते खोटे नव्हते. पण हंटने त्या वेळी पेटंट घेतले नव्हते. १८५४ साली निकाल इलायसच्या बाजूने लागला. आयझॅक सिंगरसारख्या मोठ्या कारखानदारालाही त्याला पंधरा हजार डॉलर द्यावे लागले. यानंतर विकल्या जाणाऱ्या यंत्रांमागे त्याला मोबदला मिळू लागला आणि तो श्रीमंत झाला.

संपत्तीने त्याचा साधेपणा गेला नाही. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले तेव्हा १८६२ साली तो साधा शिपाई म्हणून सैन्यात दाखल झाला. पाय अधू असल्याने त्याने आपल्या पलटणीची टपाल पोहोचविण्याची कामगिरी पत्करली. पुढे सैनिकांचे पगार थकले, तेव्हा त्याने ते आपल्या पैशांतून भागविले. ३ ऑक्टोबर १८६७ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

आजचे घरगुती शिवणयंत्र अनेकांच्या बुद्धीचे फळ आहे. कापड आपोआप पुढे सरकविण्याची सोय, पायाने चालवावयाचे पावडे, धोट्याऐवजी आलेली बॉबीन, या गोष्टी इतरांनी जोडल्या. परंतु सुईचे नेढे आजही टोकाजवळच आहे. घरी शिवणयंत्र असेल, तर वडील माणसांच्या देखरेखीखाली त्याची निगा राखावयास शिकावे. बॉबीनच्या खोबणीत साचलेली कापडाची धूळ मऊ कुंचल्याने झाडावी, सांध्यांत तेलाचा एकेक थेंब सोडावा, बोथट झालेली सुई वेळीच बदलावी. नवी सुई बसविताना तिच्या टोकाजवळचे ते इवलेसे छिद्र क्षणभर निरखून पाहावे. एका अशक्त माणसाची अनेक वर्षांची चिकाटी आणि त्याच्या पत्नीच्या असंख्य रात्री त्या छिद्रातून ओवलेल्या आहेत.