पोलादपूरचा कातळ आणि बॉटनीचा प्रोफेसर

महाडहून पोलादपूरला जाताना एसटीच्या खिडकीतून दिसणारा काळा कातळ आपल्याला रोजचाच. पण भूशास्त्रात ‘पोलादपूर’ आणि ‘आंबेनळी’ ही लाव्हाच्या थरांची नावं आहेत, जगभर वापरली जातात. हा दख्खनचा लाव्हा नेमका कधी वाहिला? या प्रश्नाच्या मागे लागलेला एक मोठा माणूस भूशास्त्राचा नव्हताच. तो बॉटनीचा प्रोफेसर होता, बिरबल साहनी.

जन्म १४ नोव्हेंबर १८९१, भेरा गावी, आताच्या पाकिस्तानात. लाहोर, मग केंब्रिज. १९२१ पासून लखनौ विद्यापीठात.

लाव्हाचा एक थर पडला की पुढचा येईपर्यंत कधीकधी हजारो वर्षं जायची. मधल्या काळात तळी साचायची, गाळ बसायचा, त्यात बिया-फळं पडायची. नागपूर-छिंदवाडा पट्ट्यातला असा गाळ गारगोटीसारखा घट्ट झालाय. साहनी त्याच्या पातळ चकत्या मायक्रोस्कोपखाली बघायचे. त्यात ताडाची जात निघाली, पाणवनस्पती निघाल्या, अगदी ॲझोलाही. हो, भातखाचरात सोडतात तोच, त्याचा पूर्वज!

या झाडांवरून १९४० च्या मद्रासच्या सायन्स काँग्रेसमध्ये अध्यक्ष म्हणून त्यांनी मांडलं, की हा लाव्हा डायनासोरच्या युगानंतरचा. ते पूर्ण बरोबर ठरले नाहीत. नव्या मोजणीत बहुतेक लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनासोर संपले त्याच सुमाराचा निघाला. मला तरी यात त्यांचा कमीपणा वाटत नाही. गाळाला प्रश्न विचारायची सवय त्यांनी लावली.

आज तोच प्रश्न कार्बनचा झालाय. लाव्हासोबत कार्बन डायऑक्साइडही बाहेर पडला. समुद्रतळाच्या गाळातल्या बारीक कवचांत हलक्या-जड ऑक्सिजनचं प्रमाण मोजलं, तर डायनासोर संपण्याआधीच पृथ्वी काही अंशांनी तापल्याचं दिसतं. पोलादपूरचा थर मात्र त्याआधीचा की नंतरचा, यावर २०१९ मध्ये दोन टीम्सची उत्तरं जुळली नाहीत.

साहनींनी लखनौत संस्था उभारायला घेतली, स्वतःचे जीवाश्म आणि पुस्तकं तिला दिली. ३ एप्रिल १९४९ ला नेहरूंनी कोनशिला बसवली. ती साहनींनी स्वतः जीवाश्म जडवून बनवली होती. आठवड्यात, १० एप्रिलला, हार्ट अटॅकने ते गेले. वय अवघं ५७.

इमारत पूर्ण केली त्यांच्या पत्नीने. नाव सावित्री, आपल्या नदीचंच.