राजा रवी वर्मा : एका नावामागचे अनेक हात

जुन्या घरातल्या देवघरात किंवा माजघराच्या भिंतीवर कमळात उभी असलेली लक्ष्मी आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. चार हात, लालसर साडी, शेजारी हत्ती. आजीला विचारलं तर ती एवढंच सांगणार, की हे रवी वर्माचं चित्र. पण ते चित्र आपल्या भिंतीपर्यंत आलं कसं, याची गोष्ट एकट्या रवी वर्मांची नाही.

त्यांचा जन्म 29 एप्रिल 1848 रोजी त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूर इथे झाला. मामा राजराज वर्मा स्वतः चित्रं काढत. भाच्याचा हात पाहून त्यांनीच त्याला पहिले धडे दिले आणि चौदाव्या वर्षी तिरुवनंतपुरमच्या दरबारात नेलं. तैलरंग तेव्हा आपल्याकडे नवे होते. थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन चित्रकार दरबारात आला, पण शिकवायला काही तो तयार नव्हता. रवी वर्मांना फक्त त्याचं काम बघायला मिळालं. बघून बघून आणि चुकत चुकत ते शिकले. 1873 साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांना बक्षीस मिळालं आणि देशभर नाव झालं.

बडोद्याशी त्यांचं नातं जुळलं ते सर टी. माधवराव यांच्यामुळे. तंजावरच्या मराठी घराण्यातले हे मुत्सद्दी आधी त्रावणकोरचे दिवाण होते, मग बडोद्याचे झाले. पुढे सयाजीराव गायकवाडांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी रामायण-महाभारतातल्या प्रसंगांवर चौदा चित्रं काढायला सांगितली. त्यासाठी रवी वर्मा आपला धाकटा भाऊ सी. राजराज वर्मा याला घेऊन उत्तर हिंदुस्थानात हिंडले. दमयंतीने नेसावं काय, शंतनूने घालावं काय, हा प्रश्न होता. शेवटी त्यांच्या अनेक नायिका साडीत अवतरल्या. चित्रं राजवाड्यात जाण्याआधी लोकांना दाखवली, तेव्हा बघायला झुंबड उडाली.

इथेच खरी अडचण होती. राजवाड्याच्या आत गेलेलं चित्र सामान्य माणूस पाहणार कसा? माधवरावांनी 1884 सालीच सुचवलं होतं, की एवढ्या मागण्या एका चित्रकाराच्या हातून पुऱ्या व्हायच्या नाहीत, निवडक चित्रं युरोपात पाठवून रंगीत छापून घ्यावीत. रवी वर्मांनी त्यापुढे पाऊल टाकलं. 1894 साली मुंबईत भागीदारीत स्वतःचाच छापखाना काढला. यंत्रं आणि कारागीर जर्मनीहून आले. पहिलं चित्र छापलं ते शकुंतलेच्या जन्माचं.

हे काम सोपं नव्हतं. मूळ चित्रातला एकेक रंग वेगळा ओळखायचा, आणि जितके रंग तितके गुळगुळीत चुनखडीचे दगड. प्रत्येक दगडावर तेलकट शाईने ठिपका ठिपका करून त्या रंगापुरतं चित्र उतरवायचं. मग दगड ओला करायचा. पाणी असेल तिथे शाई धरत नाही, तेलकट रेघेवर तेवढी बसते. एकच कागद पाळीपाळीने सगळ्या दगडांवरून जायचा. केसभर इकडेतिकडे झालं, तर लक्ष्मीचे ओठ गालावर जायचे! म्हणजे चित्रकाराच्या नजरेइतकीच दगडावर ठिपके देणाऱ्याची नजर महत्त्वाची. चित्राखाली मात्र बहुधा रवी वर्मांचं किंवा छापखान्याचं नाव असे. ठिपके देणाऱ्यांची नावं आपल्यापर्यंत आलीच नाहीत.

धाकट्या भावाचंही तसंच. राजराज वर्मा निसर्गदृश्यं उत्तम रंगवत. दादाच्या चित्रांच्या पार्श्वभूमीत त्यांचा हात असायचा, शिवाय प्रवास, पत्रव्यवहार, छापखान्याची उठाठेव हेही त्यांच्याकडेच. त्यांनी रोजनिशी लिहिली म्हणून दोघांच्या कामाची पद्धत आज आपल्याला कळते.

छापखान्याने पैसा मात्र दिला नाही. मुंबईत प्लेग आला. छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवावा लागला. कर्ज वाढलं आणि शेवटी तो जर्मन तंत्रज्ञ फ्रित्झ श्लायशर यांना विकावा लागला. त्यांनी तो पुढे चालवला. याच छापखान्यात काही काळ काम केलेले धुंडिराज गोविंद फाळके पुढे पडद्यावर देव हलवणार होते.

1905 च्या जानेवारीत राजराज वर्मा गेले. ज्याच्याबरोबर आयुष्यभर एका चित्रावर काम केलं तोच उरला नाही. पावणेदोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1906 रोजी, रवी वर्माही गेले.

त्यांच्यावर टीका पुष्कळ झाली. देव फार माणसासारखे दिसतात, शैली परकी आहे, असं म्हटलं गेलं. टीकेत तथ्य असेलही. पण ज्यांना मंदिराच्या गाभाऱ्यात पाऊल टाकता येत नव्हतं, त्यांच्याही घरात या छापील कागदामुळे देव आला, हे विसरता येत नाही. आपल्या ख्रिस्ती मित्रांच्या घरी दिवाणखान्यात येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर असते. तीही अशीच छापून घरोघर पोचलेली.

आपण सगळे मिळून भित्तीपत्रक किंवा अंक काढतो, तेव्हा खाली कुणाची नावं घालायची यावर हमखास वाद होतो. पुढच्या वेळी रंग भरणाऱ्याचं आणि चिकटवणाऱ्याचंही नाव घालूया. आजीच्या लक्ष्मीखाली ते राहूनच गेलं.