ठिपक्यांतून नाते शोधणारे गाल्टन

पायथन या संगणकभाषेतील मॅटप्लॉटलिब या लायब्ररीला आकड्यांच्या दोन याद्या देऊन ‘स्कॅटर’ ही आज्ञा लिहिली, की पडद्यावर क्षणार्धात ठिपके उमटतात. एका यादीतील आकडा आडव्या अक्षावर, दुसरीतील उभ्या अक्षावर आणि प्रत्येक जोडीचा एक ठिपका. या ठिपक्यांच्या गर्दीतून जी रेषा काढली जाते तिला रिग्रेशनची रेषा म्हणतात. हा शब्द आणि त्यामागील विचार सर फ्रान्सिस गाल्टन यांचा.

१६ फेब्रुवारी १८२२ रोजी बर्मिंगहॅमजवळ एका सधन कुटुंबात गाल्टन यांचा जन्म झाला. चार्ल्स डार्विन हे त्यांचे नात्याने भाऊ. वैद्यकाचे शिक्षण अर्धवट सोडून ते केंब्रिजला गणिताकडे वळले. १८४४ मध्ये वडिलांच्या निधनानंतर मोठी संपत्ती हाती आली आणि अर्थार्जनाची चिंता मिटली. त्यांनी नैर्ऋत्य आफ्रिकेचा दुर्गम प्रदेश पालथा घातला. १८७५ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्यांनी तयार केलेला हवामानाचा नकाशा प्रसिद्ध झाला. दिसेल ते मोजायचे, हा त्यांचा छंदच होता.

ठिपक्यांच्या आलेखाचे ते जनक नव्हेत. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८३३ मध्येच जोडताऱ्यांच्या निरीक्षणांसाठी तशी पद्धत वापरली होती. गाल्टन यांनी मात्र अशा मांडणीला नवा प्रश्न विचारला : एक गोष्ट बदलली, तर दुसरी सरासरीने किती बदलते? १८७५ मध्ये त्यांनी ‘स्वीट पी’ या फुलझाडाच्या निरनिराळ्या आकारांच्या बिया मित्रांना पेरायला दिल्या. पुढे २०५ दांपत्ये आणि त्यांची ९२८ प्रौढ अपत्ये यांच्या उंचीचे आकडे त्यांनी चौकटींत मांडले. एका लहानशा स्थानकावर गाडीची वाट पाहत असताना ती आकडेवारी न्याहाळताना त्यांच्या ध्यानात आले, की समान आकडे जोडले तर एकात एक बसणारी लंबवर्तुळे तयार होतात.

१८८६ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. आईवडिलांची एकत्रित उंची सरासरीपेक्षा ३ इंचांनी अधिक असेल, तर मुलांची उंची सरासरीने २ इंचच अधिक भरते. मध्याकडे होणाऱ्या या परतीला त्यांनी रिग्रेशन म्हटले. उलट बाजूने पाहिले तरी तेच. फार उंच मुलांचे आईवडील सरासरीने त्यांच्याइतके उंच नसतात. म्हणजे ही परत केवळ आनुवंशिकतेची करामत नसून विखुरलेल्या आकड्यांचाच गुणधर्म होता. १८८८ मध्ये त्यांनी सहसंबंधाची कल्पना मांडली आणि कार्ल पिअर्सन यांनी तिला गणिती रूप दिले.

बोटांच्या ठशांवरील त्यांच्या कामाचे धागे भारताशी जुळतात. जॉन हर्शेल यांचे पुत्र विल्यम हर्शेल यांनी बंगालमध्ये सनदी अधिकारी असताना १८५८ पासून घेतलेले ठसे गाल्टन यांच्या उपयोगी पडले. १८९२ मध्ये त्यांचा यावरील ग्रंथ निघाला. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे कार्यालय सुरू झाले.

परंतु नाते दिसले की कारण सापडले, असे मानण्याचा मोह गाल्टन यांनाही आवरला नाही. १८६९ च्या ग्रंथात त्यांनी नामवंतांच्या कुळांत नामवंत अधिक निपजतात हे दाखवले व त्याचे श्रेय रक्ताला दिले. संपत्ती, शिक्षण आणि ओळखीही वारशानेच मिळतात, याला त्यांनी पुरेसे महत्त्व दिले नाही. त्यांचे स्वतःचे संशोधन मात्र अशाच वारशावर उभे होते. १८८३ मध्ये त्यांनी सुप्रजाशास्त्राला ‘युजेनिक्स’ हे नाव दिले. त्याच विचाराच्या आधारे १९०७ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यात आणि १९३३ मध्ये नाझी जर्मनीत सक्तीच्या नसबंदीचे कायदे झाले.

१९०९ मध्ये ‘सर’ हा किताब मिळालेल्या गाल्टन यांचे १७ जानेवारी १९११ रोजी निधन झाले. आनुवंशिकतेचा आयुष्यभर ध्यास घेतलेल्या या संशोधकाला स्वतःचे अपत्य नव्हते. २०२० मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनने आपल्या व्याख्यानगृहाला असलेले त्यांचे नाव काढून टाकले. त्यांची रेषा मात्र जगभरच्या संगणकांवर रोज उमटते. ती नाते दाखवते. कारण शोधण्याचे काम तिच्याकडे पाहणाऱ्याचे असते.