बंदुकीच्या पोटात खंजीर दडवणारा सुलतान: पहिला महमूद

अमेरिकेत बाल्टिमोरच्या वॉल्टर्स आर्ट म्युझियममध्ये एक बंदूक आहे. हिरे, माणकं, पाचूंनी मढवलेली. पण खरी गंमत आत आहे. तिच्या चोरकप्प्यांत खंजीर दडवलाय आणि लिहिण्याचं सामानसुद्धा!

ही बंदूक ओटोमन सुलतान पहिला महमूद याची. जन्म १६९६ चा. १७०३ मध्ये त्याच्या वडिलांना गादीवरून खाली खेचलं गेलं आणि सात वर्षांचा महमूद 'कफेस'मध्ये गेला. कफेस म्हणजे पिंजरा. गादीवर हक्क सांगू शकतील अशा शहजाद्यांना राजवाड्यातच असं कोंडून ठेवत.

२७ वर्षांनी दार उघडलं, तेही बंडखोरांमुळे. १७३० मध्ये पत्रोना हलीलच्या बंडानं महमूदच्या काकाला हटवलं आणि महमूदला गादीवर बसवलं. हुकूम मात्र हलीलचाच चालायचा. महमूदनं दोनेक महिन्यांतच त्याला राजवाड्यात बोलावून संपवलं.

बंदूक त्यानंतरची, १७३२-३३ ची. महमूदला स्वतःलाही जवाहिऱ्याचं काम येत होतं. अशी बंदूक शिकारीपेक्षा दरबारात दरारा बसवायलाच जास्त कामाची.

१७४७ मध्ये त्यानं तीन मोठे पाचू जडवलेला खंजीर इराणच्या नादिरशाहला भेट पाठवला. हो, दिल्ली लुटणारा तोच नादिरशाह. पण भेट पोहोचण्याआधीच त्याचा खून झाला. खंजीर परत आला, तो आज इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहे.

१७५४ मध्ये शुक्रवारच्या नमाजाहून परतताना महमूद गेला. त्याला मूल नव्हतं. गादीवर आला सावत्र भाऊ उस्मान, थेट कफेसमधून. महमूदच्या २४ वर्षांच्या राज्यातही तो तिथेच कोंडलेला होता.