रिकार्डो आणि यंत्रांचे प्रकरण

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे नोकऱ्या जातील काय, या प्रश्नाला एक ठरीव उत्तर मिळते: यंत्राने माल स्वस्त होतो, मागणी वाढते आणि सुटलेला कामगार अन्यत्र सामावला जातो. डेव्हिड रिकार्डोही बरीच वर्षे असेच मानीत असे.

१७७२ साली लंडनमधील एका ज्यू दलालाच्या घरी जन्मलेला रिकार्डो चौदाव्या वर्षीच वडिलांच्या हाताखाली शेअरबाजारात उतरला. १७९३ साली क्वेकर पंथातील मुलीशी विवाह केल्याने घर दुरावले; बाजाराने मात्र त्याला अमाप संपत्ती दिली. १७९९ साली अॅडम स्मिथचा ग्रंथ वाचून तो अर्थशास्त्राकडे वळला. त्याचा स्वतःचा ग्रंथ १८१७ साली निघाला. १८१९ साली तो पार्लमेंटात गेला.

तो काळ यंत्रमोडीचा. १८११ पासून नॉटिंगहॅमकडचे विणकर यंत्रे फोडीत होते आणि १८१२ च्या कायद्याने त्यास देहदंड ठरविला होता. अशा वेळी, १८२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत, रिकार्डोने यंत्रांवर नवे प्रकरण घातले आणि मजुरांची भीती अडाणीपणाची नाही हे मान्य केले. अनुयायी मॅक्युलक हबकून गेला.

रिकार्डोचा हिशेब साधा आहे. भांडवलदाराचे २०,००० पौंड. पैकी ७,००० इमारती-अवजारांत, १३,००० मजुरांच्या पोषणात. त्याने एक वर्ष निम्मे मजूर यंत्र बांधण्यास लावले, तर पुढल्या वर्षी मजुरांसाठी ५,५०० पौंडच उरतात. त्याचा २,००० पौंड नफा शाबूत. ७,५०० पौंडांवर जगणारे मजूर मात्र उघड्यावर. एकूण उत्पादन घटूनही मालकाचे काही बिघडत नाही! आज पगाराऐवजी संगणकांत ओतल्या जाणाऱ्या भांडवलाला हा हिशेब लागू पडू शकतो. २०२४ साली अॅसेमोग्लू आणि जॉन्सन यांनी याच संदर्भात रिकार्डोचे हे प्रकरण पुन्हा वाचले. आम्ही प्राध्यापक मात्र त्याचा खंडाचा सिद्धांत आणि तुलनात्मक लाभ शिकवून पुढे सरकतो.

स्वतः धनिक आणि जमीनदार असलेल्या माणसाने असे लिहावे, हे विशेष. तरीही यंत्रांना बंदी घाला असे तो म्हणाला नाही; कारण मग भांडवल परदेशी जाईल आणि मजुरांची मागणी आणखीच घटेल. यंत्रावर पैसा मिळविणाऱ्यांच्या ओठी आजही हाच युक्तिवाद असतो. त्याआधीचा हिशेब ते सांगत नाहीत. तो लिहिल्यावर दोनच वर्षांनी, १८२३ साली, रिकार्डो कानाच्या विकाराने वारला.