अ‍ॅमी जॉन्सन : क्रॉयडन ते डार्विन

लंडनजवळील क्रॉयडनच्या विमानतळापासून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरील डार्विनच्या विमानतळापर्यंतचा हवाई मार्ग सुमारें ११,००० मैलांचा. १९३० सालीं हा मार्ग अ‍ॅमी जॉन्सन नांवाच्या सव्वीस वर्षांच्या तरुणीनें एकटीनें आक्रमिला. हा मान मिळविणारी ती पहिलीच स्त्री होय.

अ‍ॅमीचा जन्म १ जुलै १९०३ रोजीं इंग्लंडांतील हल या बंदरीं झाला. तिचे वडील मासळीचे व्यापारी होते. शेफील्ड विद्यापीठाची पदवी घेतल्यावर ती लंडनमध्यें एका वकिलाच्या कचेरींत नोकरीस राहिली व तेथेंच तिला उड्डाणाचा नाद लागला. ज्याला विमान चालवितां येतें पण दुरुस्त करतां येत नाहीं, त्याचा लांबच्या प्रवासांत निभाव लागणें कठीण, हें ओळखून तिनें यंत्रांचें काम कसून शिकून घेतलें. आणि १९२९ सालीं विमानदुरुस्तीचा परवाना मिळविणारी ती ब्रिटनमधील पहिली स्त्री ठरली.

५ मे १९३० रोजीं ‘जेसन’ नांवाच्या लहानशा, पूर्वीं वापरलेल्या जिप्सी मॉथ विमानांतून ती क्रॉयडनहून निघाली. तोंपर्यंत तिचा सर्वांत लांबचा प्रवास लंडनपासून हलपर्यंतचाच झाला होता! बर्ट हिंक्लर या वैमानिकानें १९२८ सालीं हाच प्रवास साडेपंधरा दिवसांत केला होता. त्याहून कमी दिवसांत आपण पोंचावें, ही तिची ईर्षा. बगदादच्या वाटेवर वादळानें तिला वाळवंटांत उतरावयास लाविलें. तरी सहाव्या दिवशीं तिनें कराची गांठली. हिंक्लरपेक्षां दोन दिवस कमी लागले. पुढें झांशी व कलकत्ता मागें टाकून ती रंगूनजवळ उतरली, तों विमान चरांत जाऊन मोडलें. तेथील औद्योगिक शाळेच्या साहाय्यानें तें दुरुस्त होईपर्यंत मिळविलेली आघाडी हातची गेली. तरीहि ती परतली नाहीं. २४ मे रोजीं ती डार्विनला उतरली, तेव्हां साडेएकोणीस दिवस झाले होते. उच्चांक हुकला; कीर्ति मात्र जगभर पसरली.

दुसऱ्या महायुद्धांत, १९४० सालीं, विमानें एका तळावरून दुसऱ्या तळावर पोंचविणाऱ्या पथकांत ती दाखल झाली. ५ जानेवारी १९४१ रोजीं ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळील किडलिंग्टनला एक विमान न्यावयाचें होतें. अंतर सुमारें दीडशें मैलांचें, वेळ सुमारें तासाभराचा. परंतु हवा फार वाईट होती. कांहीं तासांनीं तें विमान ठरल्या वाटेपासून फार दूर, थेम्सच्या मुखाशीं, समुद्रांत पडलें. वांचविण्यासाठीं वॉल्टर फ्लेचर या नौदलाच्या अधिकाऱ्यानें थंडगार पाण्यांत उडी घेतली. त्यालाहि प्राणांस मुकावें लागलें. अ‍ॅमीचा देह सांपडला नाहीं.

‘जेसन’ लंडनच्या सायन्स म्युझियममध्यें जतन करून ठेविलें आहे. अकरा हजार मैल एकटीनें उडालेल्या या स्त्रीला तासाभराची साधी पोंचवणी हलकी वाटली नाहीं. कीर्ति मिळाल्यावरहि लहानसें कर्तव्य मनोभावें करणें, हाच धडा आमच्या विद्यार्थ्यांनीं व विद्यार्थिनींनीं तिच्या चरित्रापासून घ्यावा.